अपघाताची पूर्वसूचना

माझा धाकटा भाऊ सिंगापूरमधल्या बिशान भागातल्या एका चौकात, मोटरसायकलवर असताना गेला. त्याचा सिग्नल हिरवा होता. समोरून येऊन उजवीकडे वळणाऱ्या गाडीला घाई होती. नातेवाइकांनी पुण्यात बसूनच तपास पूर्ण केला: वेगात असणार. आई मात्र दर फोनला विचारायची, "खरंच वेगात होता का गं तो?"

वन-नॉर्थ या इथल्या संशोधन-वसाहतीतल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे तेव्हा मोटरसायकलचा सिम्युलेटर तयार होत होता. चाकं काढलेली गाडी, तीन बाजूंना पडदे, खाली डुलणारा चौथरा. त्यावर लोकांना बसवून त्यांचं वागणं अभ्यासायचं होतं. आमच्या गटात कुणालाच मोटरसायकल चालवता येत नव्हती, त्यामुळे मतभेद फार झाले नाहीत. पडद्यावरचा चौक मी रचला. भावाचाच. कुणाला सांगितलं नाही.

चाचणीला आलेला प्रत्येक जण त्या चौकाआधी संतासारखा हळू झाला आणि गाडी येताच अलगद थांबला. थांबणारच. चालकाला मानसिक धक्का बसू नये, असा नैतिकता समितीचा आग्रह, म्हणून आम्ही आधीच सांगत होतो, "पहिल्या चौकात समोरून अचानक गाडी वळेल." या शहरात अचानक काही घडायचं तर तेही कळवून.

प्रमुख आलेख बघून खूश झाले. "सावध माणूस वाचतो. अहवालात हेच लिहू."

म्हणजे पुण्याचा निकाल सिंगापूरने कायम केला.

"सूचना काढू या," मी म्हटलं.

"नियम आहे, ला," प्रमुख इथल्या सवयीचा 'ला' लावत म्हणाले. "काढता येत नाही."

"मग कुठल्या चौकात, तेवढं नको सांगायला."

त्यांनी नियम पुन्हा वाचला. "कुठल्या, ते सांगा असं लिहिलेलं नाही."

मग मी आधी रिकामे चौक घातले. हिरव्यामागून हिरवे. चालक कंटाळले, एक तर गुणगुणू लागला. तेव्हा गाडी वळली. वेगमर्यादा कुणीच ओलांडली नव्हती. वेळेत एकालाही थांबता आलं नाही. प्रमुखांनी खट्टू होऊन ते वाक्य खोडलं.

संध्याकाळी आईला फोन केला. "त्याच्या वेगाचं मला अजूनही माहीत नाही, आई. पण आज कुणीच वेगात नव्हतं. तरी धडकले."

ती म्हणाली, "कुणाला लागलं नाही ना?"

"पडद्यावरची गाडी होती गं."

"तरी घाबरले असतील. पाणी दिलंस का त्यांना?"