पोटाचा साचा

अंबडहून घनसावंगीला जाणाऱ्या जीपमध्ये साठीच्या एक बाई माझ्याशेजारी बसल्या. त्या गिटारी बनवायच्या. मांडीवर गिटारच्या कडेला लावायची लाकडी पट्टी होती, भिजवून तापल्या नळीवर नुकतीच वाकवलेली. गर्दीत पट्टीला बांधलेली दोरी तुटली आणि ओलं लाकूड सरळ व्हायला लागलं. बाईंनी माझ्या पोटाकडे निरखून पाहिलं.

"भाऊ, गोलाई बराबर हाय. पोटावर दाबून धरा. वाळेपस्तोर हसू नका."

सगळी जीप हसली. मी मात्र घनसावंगीपर्यंत श्वास चोरून बसलो. उतरताना त्यांनी पट्टी फिरवून पाहिली. वाक टिकला होता.

"झकास! आता बारीक होऊ नका, दुसरी पट्टी राह्यली हाय."

माझ्या पोटाची एवढी कदर आजवर कुणी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना मी त्याच जीपमध्ये जाऊन बसलो.