आठांचा तंबू

रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या मराठीच्या वर्गात आठ मुलं असायची. आठच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं भांडण या आकड्यावरून झालं आणि त्या भांडणात मी तसूभरही मागे हटले नाही. अजूनही हटायचा विचार नाही.

सिंगापूरमधल्या काही मराठी पालकांनी मिळून मुलांसाठी हे वर्ग सुरू केले होते. मोठं केंद्र पुंगोलला. तिथे सगळी तरुण जोडपी, घरोघरी लहान मुलं, त्यामुळे पटसंख्येला तोटा नाही. आमचं सेम्बावांगचं केंद्र म्हणजे एका पालकांच्या कॉन्डोमधली फंक्शन रूम, एक व्हाइटबोर्ड आणि मी. आठवडाभर मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. रविवारी मात्र फुकट शिकवते.

फुकट का, तेही सांगते. माझा मुलगा इथेच वाढला. मी मराठीत विचारायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. मला वाटायचं, समजतंय ना सगळं, मग बोलेल कधीतरी. आता तो ऑस्ट्रेलियात शिकतो. फोनवर मी "जेवलास का रे?" म्हणते आणि तो "येस, मॉम" म्हणतो. त्याच्यावर माझा राग नाही, स्वतःवर आहे. घरचं एक पोर मी हातचं घालवलं होतं. ही आठ घालवायची नाहीत, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

पक्कं करायला काय जातं! पहिले दोन-तीन महिने मी 'माझा आवडता सण' आणि 'माझी आई' यांवर पाच-पाच ओळी लिहून घेतल्या. मुलं घड्याळाकडे बघत बसायची. त्यांतली एक दहा वर्षांची मुलगी, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, एका रविवारी वही मिटून, इथल्या इंग्रजीतला 'लाह' लावून म्हणाली, "टीचर, सो बोरिंग लाह. मराठीत इंटरेस्टिंग काहीच नसतं."

मला मिरची झोंबली. "मग तुला काय इंटरेस्टिंग वाटतं?"

"रोमन आर्मी," ती म्हणाली. शाळेच्या लायब्ररीतून तिनं त्यावरचं पुस्तक आणलं होतं आणि ते वहीखाली लपवून वाचत होती.

तिला काय कल्पना, तिनं हे कोणाला सांगितलं! पुण्यात मी इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. रोमच्या पायदळावर वहीभर टिपणं काढली होती, छावणीचे नकाशे रंगवले होते. मग वडील म्हणाले, इतिहासावर पोट भरत नाही. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, नोकरी धरली, आणि त्यानंतर वीस वर्षांत एकाही माणसानं मला रोमबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. मी 'माझी आई' पुसलं आणि मार्कर उचलला.

"सांगते," मी म्हणाले. "पण मराठीतून. आणि प्रश्नही मराठीतूनच विचारायचे."

त्या दिवशी मी फळ्यावर एक तंबू काढला. रोमन पायदळाची सगळ्यांत लहान तुकडी म्हणजे एका तंबूतली आठ माणसं. आठ जणांत कातड्याचा एक तंबू, तो वाहायला एक खेचर आणि धान्य दळायला एक जातं. सैन्याला मोठा भटारखाना वगैरे काही नाही. धान्य वाटून मिळायचं, ते आठांनी आपापलं दळायचं, भाजायचं आणि खायचं. असे दहा तंबू मिळून पुढची तुकडी. तिच्या नावाचा अर्थ शंभरी, पण दहा गुणिले आठ, म्हणजे माणसं ऐंशी.

"मग शंभर का म्हणतात?" चष्मेवालीनं विचारलं. चक्क मराठीत.

"म्हणायचे. पूर्वी कधीतरी शंभर असतील. माणसं कमी झाली, नाव तेच राहिलं. पण कमी आहेत म्हणून तुकडी कोणी मोडली नाही."

पुढचे रविवार कसे गेले, कळलं नाही. अशा सहा शंभऱ्या मिळून एक मोठी तुकडी, तशा दहा मोठ्या तुकड्या मिळून एक लीजन, आणि त्यांतली पहिली तुकडी इतरांपेक्षा जाडजूड. सहा गुणिले ऐंशी किती, हे मुलांना मराठीत सांगता येईना, म्हणून मुलं चिडून चिडून 'चारशे ऐंशी' शिकली. शंभरीचा प्रमुख सेंच्युरियन. त्याच्या शिरस्त्राणावर आडवा तुरा असतो, त्यामुळे ते पद सगळ्यांनाच हवं होतं. त्यावरून रीतसर मारामारी झाली आणि शेवटी पाळी लावावी लागली. त्याचा दुय्यम अधिकारी लांब काठी घेऊन रांगेच्या मागे उभा राहायचा, म्हणजे कोणी पळून जायला नको. ते काम सहा वर्षांच्या सगळ्यांत धाकट्या पोरानं घेतलं आणि टॉयलेटला जाणाऱ्यालाही तो पट्टीनं अडवू लागला.

चष्मेवालीला तुरा नको होता. रोज परवलीचा शब्द पोचवणारा एक शिपाई असायचा, तिला ते व्हायचं होतं. मग दर रविवारी ती माझ्याकडून एक मराठी शब्द घ्यायची, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना कळवायची आणि दारात उभी राहायची. शब्द नीट म्हटल्याशिवाय आत प्रवेश नाही. पडवळ, घसरगुंडी, ढेकूण, वरवंटा. मीही एकदा शब्द विसरले आणि पाच मिनिटं बाहेर उभी राहिले.

मग मुलं म्हणाली, तंबू नको, पण जातं हवं. मी लिटल इंडियातली चार दुकानं पालथी घातली. एका तमिळ दुकानदाराकडे मागच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं एक छोटं दगडी जातं मिळालं. "शोभेला ठेवायला का?" त्यानं विचारलं. "नाही, दळायला," म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझीच कीव आली. ते धूड भाजीच्या ट्रॉलीत घालून मी एमआरटीच्या मेट्रोनं सेम्बावांगला आणलं. मुलांनी ट्रॉलीचं त्याच क्षणी 'खेचर' करून टाकलं.

आठ जणांनी पाळीपाळीनं खुंटा धरला. तासभर दळून जाडसर कणीक निघाली, रूमला लागून असलेल्या पॅन्ट्रीत तिच्या चार पोळ्या झाल्या, त्याही वेड्यावाकड्या. आठांत चार. गूळ-तुपाबरोबर मुलांनी अर्धी-अर्धी पोळी अशी खाल्ली की घरी कधी पोळी पाहिलीच नसावी. चष्मेवालीनं संध्याकाळी तिच्या साताऱ्याच्या आजीला व्हिडिओ कॉल करून सांगितलं, "आजी, आमच्याकडे एक रोमन मशीन आहे, त्यात गहू टाकायचे." आजीनं ते मशीन बघितलं आणि तिला हसू आवरेना, असं तिच्या आईनं मला नंतर सांगितलं. मग कितीतरी वेळ आजी तिला दळणाच्या गोष्टी सांगत होती. नात चक्क मराठीत ऐकत होती आणि मराठीत प्रश्न विचारत होती. सांगताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही आलं.

आणि नेमकी तेव्हाच हे वर्ग चालवणाऱ्या पालक-समितीची ईमेल आली. नवीन नियम: वर्गात किमान दहा मुलं हवीत. कमी असतील तर वर्षअखेरीला वर्ग दुसऱ्या केंद्रात विलीन.

मी उत्तर लिहिलं. रोमन सैन्यात ऐंशी माणसांच्या तुकडीला शंभरी म्हणत आणि त्या हिशेबानं त्यांनी अर्धं जग जिंकलं. शंभरात ऐंशी चालतात, तर दहात आठ चालायला हवेत. प्रमाण तेच आहे, तपासून पाहावे. आलेलं उत्तर एका ओळीचं होतं: कृपया विषयाला धरून बोलावे. मी विषयालाच धरून बोलत होते!

पुढच्या रविवारी समितीचे एक गृहस्थ स्वतः आले. पन्नाशीचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, माणूस तसा सज्जन. दारात चष्मेवालीनं हात आडवा धरला.

"परवलीचा शब्द?"

"अगं, मी कमिटीतून आलोय."

"शब्द सांगा, अंकल."

त्या दिवशीचा शब्द होता 'उपद्व्याप'. शेवटी मीच तो त्यांच्या कानात सांगितला. ते आत आले, फळ्यावरची छावणी पाहिली, कोपऱ्यातलं जातं पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मॅडम, हा मराठीचाच वर्ग आहे ना? मग रोम कशाला? आपले मावळे काय वाईट आहेत?"

याचीच मी वाट बघत होते. "मावळेही शिकवलेत, सर. महाराजांच्या पायदळात सगळ्यांत लहान तुकडी केवढी असायची, सांगा बरं?"

मी विजयी मुद्रेनं वर्गाकडे पाहिलं. धाकटा पट्टी उंचावून ओरडला, "नऊ माणसं आणि एक नाईक!"

"म्हणजे किती रे?"

"दहा!"

"बघा," गृहस्थ प्रसन्न हसले. "आपल्या परंपरेतही दहाच."

फसले. माझ्याच शिकवण्यानं माझा मुद्दा आडवा केला होता. "मला नाईक धरलं, तर आम्ही नऊ होतो," असं काहीतरी मी पुटपुटले, पण त्यात दम नव्हता. त्यांनी घसा साफ केला आणि मुलांनाच समजावून सांगितलं. मोठी पाच जणं पुंगोलला जातील, तिथे खूप मित्र मिळतील. लहान तिघांसाठी ऑनलाइन वर्ग. सगळ्यांना सर्टिफिकेट मिळेल.

मला त्या माणसावर ओरडावं असं वाटत होतं आणि ओरडले तर रडेन अशी भीतीही वाटत होती. तेवढ्यात चष्मेवाली उठली.

"मग जातं कोण नेणार?"

"ते काय, मॅडम घरी नेतील."

"नाही," ती म्हणाली. "ते टीचरचं नाही. ते तंबूचं आहे. आठ जणांचं एक. तुम्ही पाच तिकडे नेले आणि तीन कॉम्प्युटरमध्ये ठेवले, तर दळायचं कोणी? आणि खायचं कोणी?"

एकही मराठी शब्द शोधायला ती थांबली नव्हती. 'टीचर' आणि 'कॉम्प्युटर' सोडले तर सगळं मराठी, आणि तेही मी मराठीतच धरते. रागावलेल्या माणसाला भाषा आठवावी लागत नाही. तिला आता मराठीत रागावता येत होतं. माझ्या मुलाला ते कधी आलं नाही.

गृहस्थांनी घाम पुसला. "दॅट्स नॉट द पॉइंट, बेटा," ते म्हणाले.

वर्षअखेरीला वर्ग बंद झाला. समितीनं फंक्शन रूमचं बुकिंग काढून घेतलं आणि मला आभाराचं पत्र पाठवलं. मी आठही पालकांना एकच निरोप लिहिला: पुढच्या रविवारी दहा वाजता, माझ्या ब्लॉकच्या व्हॉइड डेकमध्ये, दगडी टेबलापाशी. सर्टिफिकेट नाही. केंद्र नाही. वर्ग आहे.

त्या रविवारी साडेनऊलाच मी खेचर घेऊन खाली उतरले. आमच्या ब्लॉकचा तळमजला मोकळा आहे, वारा येतो, लोक जा-ये करतात. एक चिनी आजोबा शेजारच्या टेबलावर पेपर वाचत होते. मी जातं मांडलं, गहू काढले आणि बसले. पावणेदहा झाले. कोणी नाही. कोणाच्या पोराला विनासर्टिफिकेट उघड्यावर बसवायचा हट्ट मी का धरतेय, असं मनात आलंच. मोबाइल काढून मी मुलाला "काय करतोस?" लिहिलं आणि पाठवलं नाही.

मग लिफ्टच्या बाजूनं आवाज आले. एकामागून एक सात जणं आली. आठवा आला नाही. तो पट्टीवाला धाकटा. त्याच्या आईचा निरोप होता: सॉरी, ताई, पुढे शाळेत उपयोगी पडेल म्हणून सर्टिफिकेटचाच वर्ग घेतोय. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि ते लपवायला मी हजेरीची वही उघडली.

"सात," मी म्हणाले आणि पेन टेकवलं.

चष्मेवाली माझ्या खांद्यावरून वहीत बघत होती. तिनं माझं मनगट धरलं.

"आठ लिही, टीचर."

"अगं, सातच आहात."

"ते ऐंशींना शंभर म्हणायचे," ती म्हणाली. "कोणी कमी झालं म्हणून आपण तंबू नाही मोडायचा. तूच सांगितलंस."

मी आठ लिहिलं. दर रविवारी आठच लिहिते.