बॅरोनेटच्या हातचा मृत्यू

आमच्या ऑफिसातला बॅरोनेट मेलेल्या माणसाबद्दलही ऐकीव माहिती लिहीत नसे. मूळचा पुण्यातल्या छापखान्यातला मुद्रितशोधक. बायको-मुलीसह दुबईत अल कुसैस भागात राहायचा आणि तिथल्या एका बिल्डरच्या जाहिरात विभागात नोकरी करायचा. मी शेजारच्या टेबलावर होतो.

टोपणनाव कामामुळे पडलं. कंपनी वाळवंटात इंग्रजी धाटणीचे बंगले बांधणार होती. प्रकल्पाला अठराव्या शतकातल्या एका बॅरोनेटचं, म्हणजे पिढीजात 'सर' असलेल्या इंग्रज जमीनदाराचं, नाव दिलं होतं. प्रत्येक ग्राहकाला त्याचं चरित्र भेट मिळणार होतं. ते लिहायचं काम आमच्या या मुद्रितशोधकाकडे आलं, म्हणून तोच बॅरोनेट झाला. हा इंग्रज दहाव्या वर्षी 'सर' झाला, अठ्ठाविसाव्या वर्षी तापाने वारला आणि मधल्या काळात त्याने फक्त शिकार केली. आमच्या मल्याळी मॅनेजरने त्याला साठीपर्यंत जगवायला सांगितलं. अल्पायुषी माणसाच्या नावाचा बंगला कोण घेणार, असं त्याचं म्हणणं. बॅरोनेटने नकार दिला. "साहेब, तो आधीच मेलाय. मी फक्त कळवतोय."

२००८ च्या अखेरीस बांधकाम थांबलं. दर गुरुवारी कुणाला तरी वरच्या मजल्यावर बोलावणं येई. नियम सोपा होता : हातातलं काम संपवा, मग खलास. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा. बॅरोनेटच्या मुलीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. चरित्राचं एकच प्रकरण उरलं होतं, मृत्यूचं.

मग पुस्तक वाढू लागलं. डिसेंबरात घोड्यांची वंशावळ आली. जानेवारीत दाढदुखी, चौदा पानं. फेब्रुवारीत शेजाऱ्याशी कुंपणाचा वाद. सगळं पुराव्यानिशी.

"मी खोटं लिहीत नाही," तो मला म्हणाला, "फक्त घाई करत नाही."

मॅनेजर दर आठवड्याला विचारी, "हबीबी, गेला का तो?"

"ताप आहे, सर."

घरी मुलगी भूमितीतून मान वर काढून विचारायची, "बाबा, इज ही डेड?" तो म्हणायचा, तू प्रमेय कर.

मार्चअखेरीस दुपारी बायकोचा फोन आला, शेवटचा पेपर चांगला गेला. बॅरोनेटने तीन ओळींत इंग्रजाला मारलं, पुरलं आणि बाड मॅनेजरपुढे ठेवलं.

मॅनेजरने शेवटचं पान वाचलं. प्रकल्प डिसेंबरातच रद्द झाला होता आणि ते त्याला ठाऊक होतं. पेपर कसे गेले, हे त्याने आधी विचारलं. मग बाड परत सरकवलं.

"अंत्ययात्रा फार त्रोटक झालीय," तो म्हणाला. "माझा मुलगा बारावीला आहे. केमिस्ट्री बारा एप्रिलला."

एप्रिलमध्ये दोघांचे व्हिसा एकाच आठवड्यात रद्द झाले. पुस्तक कधी छापलं गेलं नाही. हस्तलिखिताची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यात अंत्ययात्रा बावीस पानं चालते, आणि तारखेची चूक मला अजून सापडलेली नाही.