पोटुशी चिंबोरी

कोलशेतच्या आवडाबाईची शिकवण कडक होती. नऊ वर्षांची लेक शेवंती खाडीच्या चिखलात पाय रोवायला लागली तेव्हापासून एकच धडा: चिंबोरी धरली की आधी उलटी करून पोट बघायचं. अंडी दिसली की परत पाण्यात. एकदा शेवंतीने तशी एक गुपचूप टोपलीत टाकली, तर आईने ती सोडायला भर उन्हात तिला पुन्हा चिखलात उतरवलं. "पोटुशीला हात लावायचा नाय. आज तिला खाल्लीस, तं उद्या काय खाशील?" हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. खाडीने पोसलेली बाई ती.

१९८७ सालच्या एका सकाळी ओहोटीला बोयटं मासे पाण्यावर तरंगत होते. शेकड्यांनी. काही अजून तोंड उघडत होते. गाव टोपल्या घेऊन धावलं. आयतं मावरं कोण सोडतं? पाण्याला कारखान्याच्या नाल्याचा उग्र वास होता. शेवंतीने नाक धरलं. आवडाबाईलाही तो वास आला होता, पण आठ दिवस जाळं रिकामं येत होतं. "कल्ले लाल हायत," म्हणत तिने टोपली भरली. लाल कल्ल्यांवरून मासा ताजा कळतो, विषारी की काय ते नाही. तिला हे कळत नव्हतं थोडंच? कळून घ्यायचं नव्हतं.

ठाण्याच्या बाजारात पहिली आली शीलाताई, नेहमीचं गिऱ्हाईक. सातवा महिना, चालताना कमरेवर हात. "बोयटं द्या हो आवडाबाई. चार दिवस तीच डोळ्यांपुढे आहेत."

आवडाबाई खाली मान घालून मासे साफ करू लागली. शेवंतीने तोंड उघडलं, तशी आईने डोळे वटारले. शेजारी दगडाबाई तेच मावरं घेऊन बसली होती. एक शब्द फुटला असता तर सगळ्या ओळीचा धंदा बसला असता. मासे पिशवीत पडले. शीलाताई निघाली.

"आये," शेवंती रडवेली होऊन म्हणाली, "ती पोटुशी हाय."

आवडाबाई ताडकन उठली. ती तशीच धावली आणि शीलाताईच्या हातातून पिशवी हिसकावली. "नको ताई! पाणी नासलंय खाडीचं."

बाजार थबकला. मग दगडाबाई कडाडली, "आमच्या पोटावर पाय दिलास! काय शिकवलंस गो पोरीला?"

"मीच शिकवलं," आवडाबाई म्हणाली, "आन् मीच इसरले."

आणि तिने स्वतःची टोपली कचऱ्यात उपडी केली. मग ती दगडाबाईच्या टोपलीकडे वळली. दगडाबाईने टोपली घट्ट धरून ठेवली होती. शेवंती पुढे झाली आणि आईच्या बाजूने टोपली ओढू लागली.