पॉझिटिव्हची बर्फी

नागपूरहून सुटलेल्या एसटीत ती माझ्या शेजारी होती. डोक्याला रुमाल, मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. स्तनातली कॅन्सरची गाठ काढलेली, हे तिनेच सांगितलं.

तिने डबा कंडक्टरपुढे धरला. "घ्या भाऊ, माहा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला!"

कंडक्टरने दचकून हात मागे घेतला. ती खो खो हसली. "अवो, हे लागत नाई कोणाले! डॉक्टर म्हणे, तुमची गाठ हार्मोनवाली हाये. रोज गोळी घ्या, परत यायचा धोका कमी होते."

कंडक्टरने दोन तुकडे उचलले.

माझ्या आईच्याही स्तनातल्या गाठीच्या रिपोर्टवर तोच 'पॉझिटिव्ह' शब्द वाचून मी सकाळपासून रडत होते. कागद दाखवला. तिने आपला रिपोर्ट शेजारी धरून हार्मोनची ओळ जुळवली. "हेच तं हाये! मायले गोळी लागू पडन!"

माझ्या गावी, सावलीला, उतरताना तिचं नाव विचारायचंही राहिलं. मी घराकडे चक्क पळत सुटले.