नळीतली हवा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. धीट आहे म्हणून नव्हे.

गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात मी डायलिसिस टेक्निशियन आहे. रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, साफ होऊन परत अंगात येतं. परतीच्या नळीत हवा दिसली की मशीन बोंबलतं, पंप थांबतो. मग नळी तपासायची, हवा काढायची. किती वेळ लागतो? दोन मिनिटं. पण मी स्वतःला फार हुशार समजायचो — आणि पेशंटच्या नातेवाइकांना मूर्ख. वणीचे निवृत्तीअण्णा आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांची बायको यमुनाबाई शेजारी स्टुलावर बसून त्यांचे पाय चेपायची. दर खेपेला विचारायची, "बुडबुडा गेला तर माणूस दगावतो का हो, भाऊ?" मी नुसता हसायचो.

त्या दुपारी अण्णांचं मशीन तीनदा वाजलं. मी मोबाइलवर मॅच बघत होतो — हो, मॅच. दोनदा नळीकडे न बघताच आवाज बंद केला. तिसऱ्यांदा बटण दाबून धरलं. ते जुनं मशीन तसं केलं की मुकाट चालू राहायचं, हे मला ठाऊक होतं. अण्णा खोकायला लागले. हात छातीवर गेला, ओठ निळे पडले. तेव्हा कुठे मी हललो — पंप बंद, नळीला चिमटा, डाव्या कुशीवर वळवून डोकं खाली, ऑक्सिजन. वाचले.

डॉक्टरांनी विचारलं, "हवा गेली कशी?"

माझ्या तोंडून किती सहज निघालं — "या बाईंचा हात लागला नळीला."

"म्या नाय लावला," यमुनाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी पापणीही हलवली नाही. त्यांचा आवाज खाली आला. "पदर लागला असंल. मला समजलं नसंल."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मला हायसं वाटलं.

त्यांना आत बसायला बंदी झाली. वर्षभर त्या बाहेर बाकावर बसल्या. अण्णा गेले तेही आतच — डायलिसिस चालू असताना हृदय बंद पडलं. बोलवायला मीच गेलो. आत येण्याआधी त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला.

आज मी युनिटचा इन्चार्ज आहे. नव्या टेक्निशियनना हवेचा धोका समजावताना एक उदाहरण देतो — एका अडाणी बाईने नळीला हात लावला होता.

गेल्या सोमवारीही दिलं.