आपोआप हललेला दांडा
पाइपांच्या जोडात बसवलेल्या गॅस्केटचा तापल्यावर येणारा वास आला की मला हडपसरमधली ती डेअरी आठवते. तिथे दूध तापवणाऱ्या यंत्राची वाफ एक ऑपरेटरकाका वर्षानुवर्षं हाताने चाक फिरवून कमीजास्त करत. एका दुपारी मी तिथे आपोआप चालणारा कंट्रोल व्हॉल्व्ह बसवला, त्यावरचा बाण वाफेच्या दिशेनेच आहे ना, हे पुन्हा एकदा पाहिलं. “अहो मॅडम, दूध करपलं तर खरवड तुम्हीच खायची,” काका म्हणाले आणि अडीअडचणीसाठी ठेवलेल्या जुन्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. मी वाफ सोडली. पाइप कडकडले, तापमानाचा काटा भराभर चढला. इतक्यात हवेचा बारीक फुसकारा झाला आणि कुणीही हात न लावता व्हॉल्व्हचा चकचकीत दांडा खाली सरकला, थांबला, केसभर वर आला. वाफेचा आवाज मंदावला, काटा जागीच स्थिरावला. काकांनी चाकावरचा हात हळूच काढून घेतला. “मीसुद्धा आत्ता एवढंच फिरवलं असतं हो,” ते पुटपुटले. त्यामागचं सगळं गणित मला येत होतं, तरी अंगावर शहारा आला. आजही नव्या व्हॉल्व्हचा दांडा पहिल्यांदा हलतो, तेव्हा माझं बोलणं अर्ध्यावर थांबतं.